देश फिनलंड, भाषा स्वीडिश आणि सैन्याला बंदी : मारियेहाम्नचा मॅटर नेमका काय आहे?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी. या दोन शहरांमध्ये रोज मोठ्या प्रवासी बोटी धावतात. एकेक बोट म्हणजे तरंगतं हॉटेलच. दहा-बारा मजले, आत रेस्टॉरंट, डान्स फ्लोअर, दुकानं आणि हजारो प्रवासी.

रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे ही बोट वाटेत एका छोट्या बंदराला लागते. बहुतेक प्रवासी गाढ झोपेत असतात. मोजकी माणसं उतरतात, मोजकी चढतात आणि काही मिनिटांत बोट पुढं निघते.

आता एवढ्याशा बंदरावर एवढी मोठी बोट कशासाठी थांबवायची? तर याचं उत्तर आहे टॅक्स. पण हा टॅक्सचा मॅटर समजून घ्यायचा असेल, तर आधी हे बंदर समजून घ्यावं लागतं. कारण या गावाचा देश कोणता, यावरून एकेकाळी स्वीडन आणि फिनलंड समोरासमोर आले होते.

या गावाचं नाव मारियेहाम्न.

युद्धात किल्ला गेला आणि गाव उभं राहिलं

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या समुद्रात ओलांड नावाचा द्वीपसमूह आहे. साडेसहा हजारांहून जास्त लहानमोठी बेटं, पण माणसं राहतात ती साठेक बेटांवरच. एकूण लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास. त्यातले १२ हजारांच्या घरातले लोक राजधानी मारियेहाम्नमध्ये राहतात. सगळ्या ओलांडमध्ये शहर म्हणावं असं हे एकच ठिकाण. बाकी सगळी खेडी.

ही बेटं शेकडो वर्षं स्वीडनकडे होती, त्यामुळं इथली भाषा स्वीडिश. १८०९ मध्ये स्वीडन रशियाविरुद्धचं युद्ध हरला. फिनलंड रशियाच्या झारकडे गेला आणि त्याच्यासोबत ओलांडही गेलं.

झारसाठी ही जागा मोक्याची होती, कारण इथून स्टॉकहोम हाकेच्या अंतरावर. रशियानं इथं बोमारसुंड नावाचा मोठा किल्ला बांधायला घेतला. पण क्रिमियन युद्धात, १८५४ साली, ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारानं हल्ला करून किल्ला जिंकला आणि सुरुंग लावून उडवून दिला.

युद्ध संपलं. १८५६ च्या पॅरिस करारात रशियाकडून लिहून घेण्यात आलं की इथं पुन्हा किल्ला बांधायचा नाही आणि लष्करी तळही उभारायचा नाही. ओलांडवर सैन्यबंदी आली ती तेव्हापासून.

त्यानंतर १८६१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याच्या काळात इथं नवं गाव वसवण्यात आलं. नाव दिलं त्याच्या बायकोचं, महाराणी मारियाचं. स्वीडिशमध्ये हाम्न म्हणजे बंदर. मारियेहाम्न म्हणजे मारियाचं बंदर. गाव एका चिंचोळ्या भूभागावर आहे, त्यामुळं पूर्वेला एक बंदर आणि पश्चिमेला दुसरं. दोन्ही बंदरांना जोडणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा लिंडनची झाडं आहेत.

आम्हाला स्वीडनमध्ये जायचंय

खरा राडा सुरू झाला १९१७ मध्ये. रशियात क्रांती झाली आणि झारची सत्ता गेली. फिनलंड स्वतंत्र व्हायच्या तयारीला लागला. तेव्हा ओलांडचे लोक म्हणाले, आम्ही स्वीडिश बोलतो, आम्हाला आमच्या जुन्या देशात, स्वीडनमध्ये परत जायचंय.

फिनिश आणि स्वीडिश या दोन भाषांचं एकमेकींशी नातं नाही. नव्या देशात फिनिश बोलणारे बहुसंख्य. अशा देशात आपली भाषा टिकेल का, आपली जमीन आपल्याकडे राहील का, ही भीती होती. सात हजारांच्या आसपास लोकांनी स्वीडनमध्ये जाण्यासाठी सह्या केल्या. बेटांची तेव्हाची लोकसंख्या पाहिली, तर जवळपास सगळ्या प्रौढांनी सही केली होती असं म्हणता येतं.

या चळवळीचे दोन मोठे नेते होते. एक युलियस सुंडब्लोम, 'ओलांड' या वर्तमानपत्राचे संपादक आणि दुसरे कार्ल ब्योर्कमन.

फिनलंडचं म्हणणं होतं, ओलांड आमचाच भाग आहे. वेगळं होता येणार नाही, फार तर स्वायत्तता देऊ. १९२० मध्ये फिनलंडच्या संसदेनं तसा कायदाही केला. ओलांडच्या लोकांनी तो नाकारला. मग सुंडब्लोम आणि ब्योर्कमन यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. स्वीडनमध्ये संतापाची लाट उसळली.

शेवटी हे प्रकरण गेलं नुकत्याच स्थापन झालेल्या लीग ऑफ नेशन्सकडे.

निकाल लागला, पण खरी गोष्ट अटींमध्ये होती

२४ जून १९२१ रोजी लीगनं निकाल दिला. ओलांड फिनलंडकडेच राहील.

म्हणजे ज्यांनी सह्या केल्या होत्या ते हरले, स्वीडनही हरला. पण लीगनं फिनलंडलाही मोकळं सोडलं नाही. बेटं ठेवा, पण तिथल्या लोकांची स्वीडिश भाषा, संस्कृती आणि जमीन यांची हमी द्या, अशी अट घातली. दोन्ही देशांनी बसून त्या हमीचे मुद्दे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहा देशांनी आणखी एक करार केला. त्यानुसार ओलांडवर सैन्य ठेवायचं नाही आणि युद्ध झालं तरी ही बेटं तटस्थ राहतील, असं ठरलं.

९ जून १९२२ रोजी ओलांडच्या संसदेची पहिली बैठक मारियेहाम्नमध्ये झाली. पहिले सभापती कोण झाले? सुंडब्लोम. आणि पहिल्या सरकारचे प्रमुख? ब्योर्कमन. दोन वर्षांपूर्वी ज्यांना देशद्रोही म्हणून पकडलं होतं, त्यांच्याच हातात कारभार आला. जी स्वायत्तता त्यांनी नाकारली होती, तीच चालवायची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यांनी ती चालवलीही. सुंडब्लोम १९४५ पर्यंत सभापती होते. ९ जून हा दिवस ओलांडमध्ये आजही स्वायत्तता दिन म्हणून साजरा होतो.

ही हमी आज कशी चालते?

ओलांडची सरकारी भाषा एकच, स्वीडिश. सरकारी शाळांमध्ये शिक्षण स्वीडिशमधून. हेलसिंकीच्या सरकारी कार्यालयांनाही ओलांडशी पत्रव्यवहार स्वीडिशमध्येच करावा लागतो.

मारियेहाम्नमध्ये ओलांडची ३० सदस्यांची संसद आहे. शाळा, दवाखाने, पोलीस, स्थानिक उद्योग यांचे कायदे तिथं होतात. परराष्ट्र धोरण, न्यायालयं, कस्टम्स आणि बहुतेक टॅक्स फिनलंडकडे. ओलांडचा स्वतःचा झेंडा आहे, स्वतःची पोस्टाची तिकिटं आहेत आणि इंटरनेटवर डॉट एएक्स हा स्वतःचा डोमेनही आहे.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'हेम्बिग्ड्सरेट'. सोप्या भाषेत सांगायचं तर रहिवासाचा हक्क. हा हक्क असल्याशिवाय संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही, उभं राहता येत नाही. जमीन घेण्यावर आणि धंदा करण्यावरही मर्यादा येतात. ज्यांच्याकडे लहानपणापासून हा हक्क आहे त्यांना फिनलंडच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते.

आता बाहेरून आलेल्या माणसाला हा हक्क मिळतो का? तर मिळतो. फिनलंडचं नागरिकत्व हवं, पाच वर्षं ओलांडमध्ये राहिलेलं हवं आणि स्वीडिश नीट यायला हवी. थोडक्यात, तुमचे आजोबा कुठले होते हा प्रश्न येत नाही. इथं राहिलात का आणि इथली भाषा शिकलात का, हे बघितलं जातं.

याची दुसरी बाजूही आहे. ओलांडचाच माणूस पाच वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिला, तर त्याचा हक्क जातो. शिकायला स्वीडनला गेलेली आणि तिथंच नोकरीला लागलेली मुलं जन्मगावी परततात, तेव्हा त्यांना हक्कासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ज्या नियमानं जमीन वाचवली, तोच नियम घरच्यांनाही लागू होतो.

हक्क असून भागत नाही, पोट भरायला बोटी लागतात

भाषेला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण गावात काम नसेल तर लोक निघून जातात आणि भाषाही त्यांच्यासोबत जाते. मारियेहाम्नचं काम समुद्रावर चालतं.

विसाव्या शतकात जग वाफेच्या जहाजांकडे वळत होतं, तेव्हा इथले जहाजमालक गुस्ताफ एरिकसन जुनी शिडाची जहाजं स्वस्तात विकत घेत होते. वारा फुकट मिळत होता. ही जहाजं ऑस्ट्रेलियातून गहू भरून केप हॉर्नला वळसा घालत युरोपात यायची. त्यातलंच एक, १९०३ मध्ये ग्लासगोला बांधलेलं चार डोलकाठ्यांचं 'पोमर्न', आज मारियेहाम्नच्या पश्चिम बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे.

शिडाची जहाजं गेली आणि प्रवासी बोटी आल्या. वायकिंग लाइन या मोठ्या बोट कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे.

आणि इथंच तो टॅक्सचा मुद्दा येतो. फिनलंड १९९५ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला. ओलांडनं वेगळं मतदान घेतलं आणि वेगळ्या अटींवर सोबत गेलं. त्यातली एक अट म्हणजे ओलांड युनियनच्या व्हॅट आणि अबकारी कराच्या क्षेत्राबाहेर राहील. पुढं १ जुलै १९९९ पासून युनियनमधल्या देशांत प्रवास करताना मिळणारी टॅक्स फ्री विक्री बंद झाली. पण बोट ओलांडला लागली, तर ती टॅक्सच्या हिशोबात युनियनच्या बाहेर जाऊन आलेली असते. म्हणजे बोटीवर दारू, सिगारेट, परफ्युम टॅक्स फ्री विकता येतं. म्हणून एवढी मोठी बोट काही मिनिटांसाठी का होईना, मारियेहाम्नला थांबते. त्या बोटींमुळं ३० हजार लोकांच्या बेटांना दोन्ही देशांशी रोजचा संपर्क मिळतो.

आता परीक्षा सैन्यबंदीची

मारियेहाम्नमध्ये रशियाचं एक वाणिज्य दूतावास कार्यालय आहे. एवढ्याशा गावात रशियाचं काय काम? तर १९२१ च्या करारात रशिया नव्हता. म्हणून १९४० मध्ये सोव्हिएत युनियननं फिनलंडशी वेगळा करार केला. ओलांडवर खरंच सैन्य नाही ना, यावर लक्ष ठेवण्यासाठी आपलं कार्यालय इथं ठेवायचं, असं त्यात ठरलं.

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि गावातले लोक या कार्यालयासमोर निदर्शनं करू लागले. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोमध्ये गेला. रशियाविरोधातल्या लष्करी आघाडीचा सदस्य असलेला देश आणि त्याच देशात सैन्य ठेवायला बंदी असलेली बेटं, अशी ही स्थिती आहे. बंदी उठवावी असं म्हणणारे आवाज हेलसिंकीत ऐकू येतात. ओलांडच्या नेत्यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते भाषा, जमीन आणि सैन्यबंदी हे एकाच व्यवहाराचे भाग आहेत. एक वीट काढली तर बाकीच्या सैल होतात.

करारानुसार बेटांवर हल्ला झाला किंवा तसा धोका उभा राहिला, तर त्यांचं रक्षण करण्याचा अधिकार फिनलंडला आहे. पण शांततेच्या काळात तळ उभारता येत नाही. हल्ला व्हायची वाट बघून मग सैन्य पाठवायचं का, हा हेलसिंकीचा प्रश्न आहे. आणि १०० वर्षांपूर्वी दिलेला शब्द तुम्हाला गरज पडली म्हणून मोडणार का, हा मारियेहाम्नचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी खरे आहेत.

मारियेहाम्नच्या लोकांना हवा होता तो देश मिळाला नाही. त्याच्या बदल्यात भाषा, जमीन आणि बंदुकीशिवाय जगण्याची लेखी हमी मिळाली आणि ती १०० वर्षं पाळली गेली, म्हणून हा वाद पुन्हा पेटला नाही. पुढं काय होईल, ते हमीतला सैन्यबंदीचा भाग किती टिकतो यावर ठरेल.