लहान महाविद्यालयांसाठी राखलेले दार

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लोरेटो या डोंगराळ भागातील छोट्या गावी, सेंट फ्रान्सिस हे विद्यापीठ आहे. आयर्लंडहून आलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंनी १८४७ मध्ये त्याची स्थापना केली. ११ मार्च २०२५ रोजी या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने सेंट्रल कनेक्टिकट या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच क्रीडागृहात ४६-४३ असे नमवले आणि नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचे अजिंक्यपद मिळवले. त्या विजयामुळे १९९१ नंतर प्रथमच त्याला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. १८ मार्चला ओहायोतील डेटन येथे अलाबामा स्टेटने शेवटच्या क्षणी गुण मिळवून त्याला ७०-६८ असे हरवले. पुढच्याच आठवड्यात विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जाहीर केले की, आपले सर्व संघ आता सर्वोच्च श्रेणी सोडून तिसऱ्या श्रेणीत खेळतील. ज्या दारातून आत जाण्यासाठी ३४ वर्षे वाट पाहिली, त्या दारातून आत गेल्यावर दोन आठवड्यांत घेतलेला हा निर्णय होता.

ही विसंगती योगायोगाची नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल एका जुन्या तत्त्वावर उभे आहे. आकाराने, पैशाने आणि कीर्तीने लहान असलेल्या संस्थेलाही राष्ट्रीय व्यासपीठावर जाण्याचा हक्काचा मार्ग असला पाहिजे, हे ते तत्त्व. कागदावर ते आजही शाबूत आहे. त्याखालची जमीन मात्र वेगाने खचते आहे. विद्यापीठीय क्रीडेचा नव्याने विचार करू पाहणाऱ्या आपल्या देशाने या व्यवस्थेची घडण आणि तिची पडझड, दोन्ही समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

आधी रचना पाहू. एनसीएए ही अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेची मुख्य नियामक संस्था. तिच्या सर्वोच्च श्रेणीत सुमारे ३६० संस्था बास्केटबॉल खेळतात आणि त्या ‘कॉन्फरन्स’ नावाच्या, बहुतांशी प्रादेशिक, गटांत विभागलेल्या आहेत. एका गटातील महाविद्यालये हिवाळाभर एकमेकांच्या गावी जाऊन साखळी सामने खेळतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कॉन्फरन्सची बाद पद्धतीची स्पर्धा होते आणि तिचा विजेता ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट दाखल होतो. २०२५ मध्ये अशा ३१ जागा विजेत्यांसाठी राखीव होत्या. उरलेल्या ३७ जागा निवड समितीने गुणवत्तेचा आपला अंदाज लावून भरल्या. त्या वर्षी साउथईस्टर्न या एकट्या बलाढ्य कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले. याउलट बहुसंख्य लहान कॉन्फरन्सच्या वाट्याला विजेत्याची एकच जागा येते.

म्हणूनच मोठ्या विद्यापीठांसाठी कॉन्फरन्सची स्पर्धा ही रंगीत तालीम असते, तर लहानांसाठी ती सर्वस्व असते. २०१८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाने अमेरिका ईस्ट कॉन्फरन्सच्या साखळीत १६ पैकी १५ सामने जिंकले होते. अंतिम सामना त्याच्याच क्रीडागृहात होता आणि समोरच्या यूएमबीसी या मेरीलँडमधील संघाला त्याने आधी सलग २३ वेळा हरवले होते. तरीही शेवटच्या क्षणी पडलेल्या तीन गुणांच्या बास्केटने यूएमबीसीने ६५-६२ अशी बाजी मारली. वर्षभराची मेहनत चाळीस मिनिटांत वाया गेली आणि व्हरमाँटसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. सहा दिवसांनी त्याच यूएमबीसीने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे धूळ चारली. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासात सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही पद्धत न्याय्य आहे का? काटेकोरपणे पाहिले तर नाही. दोन-तीन महिन्यांच्या साखळीतील कामगिरी हा गुणवत्तेचा अधिक विश्वासार्ह पुरावा असतो. आयव्ही लीगने याच कारणास्तव दीर्घकाळ साखळीच्या विजेत्यालाच राष्ट्रीय स्पर्धेत पाठवले. तेथे बाद स्पर्धा सुरू झाली ती थेट २०१७ मध्ये. बड्या कॉन्फरन्सनाही या पद्धतीचे चटके एकेकाळी बसले आहेत. १९७४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मेरीलँडचा संघ अतिरिक्त वेळेत १०३-१०० असा हरला. देशातील सर्वोत्तम संघांपैकी एक असूनही, एका कॉन्फरन्समधून एकच संघ घ्यावा या नियमामुळे त्याला घरी बसावे लागले. पुढच्याच वर्षी नियम बदलला. बड्यांना अन्याय सोसावा लागला तेव्हा समितीच्या मर्जीने भरायच्या जागा निर्माण झाल्या. लहान कॉन्फरन्सचे संघ तोच अन्याय आजही दरवर्षी सोसतात. तरीही त्यांना ही पद्धत नकोशी नाही, कारण तळाच्या संघालाही मार्चपर्यंत आशा ठेवण्याचा अधिकार ती देते.

या आशेवर जगणारा चाहता हा या व्यवस्थेचा खरा आधार आहे. तो दूरचित्रवाणीवरील तारांकित खेळाडूंचा भक्त नव्हे. तो बहुधा त्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, खेळाडूचा पालक, वाद्यवृंदात तुतारी वाजवणारा विद्यार्थी किंवा गावातला दुकानदार असतो. तो रात्रभर गाडी चालवून अटलांटिक सिटी किंवा ॲशव्हिलसारख्या शहरी पोहोचतो आणि संघ पहिल्याच संध्याकाळी हरला तर मुकाट्याने परत फिरतो. विल्यम अँड मेरी हे व्हर्जिनियातील महाविद्यालय अमेरिकेतील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. थॉमस जेफरसन तेथेच शिकले. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली, पण हा संघ तिच्यात एकदाही पोहोचलेला नाही. २०१४ मध्ये तो कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात डेलावेअरकडून ७५-७४ असा, एका गुणाने हरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यातच हरला. तरीही त्याचे चाहते दर मार्चला येतात. त्यांची निष्ठा यशाला बांधलेली नाही. ती एका जागेशी, एका नावाशी आणि शेजाऱ्यांबरोबरच्या जुन्या चुरशीशी बांधलेली आहे.

अशी निष्ठा किती दूर जाऊ शकते हे पाहायचे असेल, तर ‘सीआयएए’ या कॉन्फरन्सकडे पाहावे. वंशभेदाच्या काळात, १९१२ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी ती स्थापन केली. आज ती दुसऱ्या श्रेणीत खेळते. १९४६ मध्ये वॉशिंग्टनमधील एका लहानशा सभागृहात तिची पहिली बास्केटबॉल स्पर्धा झाली. ती घडवून आणणाऱ्यांत प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन होते. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्याकडे कॅन्ससमध्ये ते शिकले होते. पण वर्णामुळे त्या विद्यापीठाच्या संघात त्यांना खेळता आले नव्हते. मुख्य प्रवाहाची दारे बंद असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले स्वतःचे दार उभारले. पुढे ही स्पर्धा शार्लट आणि आता बाल्टिमोर अशा शहरांत भरू लागली आणि तिचा आठवडा एखाद्या जत्रेसारखा झाला. हजारो माजी विद्यार्थी दरवर्षी येतात. कित्येक जण सामन्याचे तिकीटही काढत नाहीत, जुन्या मित्रांना भेटण्यासाठी येतात. २०१८ मध्ये शार्लटमधील एका आलिशान हॉटेलाने या आठवड्यापुरता १५ टक्के जादा आकार लावला, तेव्हा राज्याच्या महाधिवक्त्यांनी दखल घेतली आणि हॉटेलाला तडजोडीची रक्कम मोजावी लागली. खेळाभोवती उभा राहिलेला समाज आपला हिशोब मागू शकतो, याचे हे उदाहरण.

आता पडझडीकडे वळू. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे आहेत. त्यातील एक वाटा कॉन्फरन्सना त्यांच्या संघांनी खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात मिळतो. अशा एका हिश्श्याचे मोल सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होते. लहान कॉन्फरन्ससाठी ही रक्कम मोलाची असते. पण दुसऱ्या बाजूने दोन बदल झाले. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता महाविद्यालय बदलण्याची मुभा मिळाली आणि ती पुढे अधिक सैल झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षी एका संस्थेसाठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

खेळाडूंच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन्ही बदल न्याय्यच आहेत. ज्यांच्या श्रमावर अब्जावधींची उलाढाल होते, त्यांना वाटा नाकारणे समर्थनीय नव्हते. परंतु लहान संस्थांनी त्याची किंमत मोजली. न्यू जर्सीतील सेंट पीटर्स या छोट्या जेझुइट विद्यापीठाने २०२२ मध्ये बलाढ्य केंटकीला ८५-७९ असे हरवले आणि पंधराव्या मानांकनावरून अखेरच्या आठ संघांत धडक मारली. असे करणारा तो पहिलाच संघ. काही आठवड्यांतच प्रशिक्षक मोठ्या विद्यापीठात गेले आणि अनेक प्रमुख खेळाडूही विखुरले. लहान महाविद्यालय आता हिरे घडवते आणि दुसऱ्याच्या हवाली करते. २०२५ मध्ये अखेरच्या १६ संघांत केवळ चार बलाढ्य कॉन्फरन्सचे संघ उरले होते. सेंट फ्रान्सिसच्या विश्वस्तांनी हाच हिशोब मांडला असणार.

यावर बड्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे: दुबळ्या संघांना जागा कशासाठी? त्याला उत्तर २०२३ मध्ये मिळाले. फेअरले डिकिन्सन हा संघ आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना मेरीमॅककडून एका गुणाने हरला होता. मेरीमॅक नव्याने वरच्या श्रेणीत आल्यामुळे नियमानुसार अपात्र होता, म्हणून उपविजेत्याला पाठवण्यात आले. त्या उपविजेत्याने अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. निवड समितीच्या कोणत्याही तक्त्यात तो संघ बसला नसता.

भारतीयांना या दाराची थोडी ओळख आहे. पंजाबी वंशाचे कॅनडावासी सिम भुल्लर २०१३ आणि २०१४ मध्ये न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळताना वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सच्या स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. २०१५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्जकडून ते एनबीएमध्ये उतरले आणि तेथे खेळणारे भारतीय वंशाचे पहिले खेळाडू बनले.

आपल्याकडील चित्र वेगळे आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात १,१६८ विद्यापीठे आणि ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. भारतीय विद्यापीठ संघ विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवतो. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांची भर पडली. म्हणजे वर जाण्याचा जिना आपल्याकडेही आहे. नाही तो प्रेक्षक. विभागीय स्पर्धेसाठी सारे संघ एका विद्यापीठात जमतात, काही दिवसांत सामने उरकतात आणि पांगतात. ज्या महाविद्यालयाचे नाव खेळाडूच्या पाठीवर असते, तेथील विद्यार्थ्यांना निकाल बहुधा सूचनाफलकावरच कळतो. आपले क्रीडाधोरण पदके, शिष्यवृत्त्या आणि नोकरीतील राखीव जागांचा विचार करते. हे सारे त्या एका खेळाडूला मिळते, त्याच्या संस्थेभोवतीच्या समाजाला नाही.

उपाय खर्चीक नाही. शेजारच्या आठ-दहा विद्यापीठांचा स्थिर गट, एकमेकांच्या आवारात होणारे साखळी सामने, दरवर्षी ठरलेल्या आठवड्यातील अंतिम स्पर्धा आणि तिच्या विजेत्याला राष्ट्रीय स्तरावर हक्काची जागा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. रणजी करंडकात २०१८-१९ मध्ये ईशान्येच्या राज्यांसह नऊ नवे संघ आले, तेव्हाही दुबळ्यांच्या भरतीची टीका झाली होती. पण त्या राज्यांतील मुलांना आपल्या राज्याच्या नावाने खेळण्याची वाट तेव्हाच मिळाली. मात्र अमेरिकेचा दुसरा धडाही विसरता कामा नये. हक्काची जागा राखली आणि साधनांचे वाटप विसरले, तर लहान संस्था आपण होऊन माघार घेतात. दार उघडे ठेवणे हे नियमांचे काम आहे. त्या दारापर्यंत येण्याची ऐपत टिकवणे हे धोरणाचे.