जुन्या तांदळाची जन्मतारीख

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने सिंगापूरहून येताना एक गोवरी आणली. गोवरी हा शब्द माझा नव्हे, आमच्या मामींचा.

पेणहून गोव्याच्या रस्त्याला लागले आणि वडखळ मागे टाकले, की गडब गाव येते. तिथे मामींचे घर आहे. मामांच्या पश्चात त्या तिथे एकट्याच असतात, म्हणून दिवाळीचे चार दिवस आम्ही सगळे मुंबई-पुण्याहून तिकडे गोळा होतो. नरकचतुर्दशीची सकाळ होती. अभ्यंगस्नाने आटोपली होती. दूधपोहे, गूळपोहे, ताकातले पोहे असा सगळा थाट समोर मांडलेला होता, आणि भाच्याने मोठ्या ऐटीत एक कागदी वेष्टन सोडले. आतून काळपट रंगाची, बशीहून मोठी, चपटी गोल वडी निघाली.

"इतक्या लांबून गोवरी कशाला रे आणलीस?" मामींनी विचारले. "बंबाला कमी पडतील म्हणून?"

"मामीआजी, चहा आहे हा! पन्नास वर्षांपूर्वीचा!"

मामींनी वडी नाकाशी नेली, माळ्यावरच्या ट्रंकेसारखा वास येतो म्हणाल्या आणि परत दिली. मग शांतपणे विचारले, "कशावरून पन्नास वर्षांचा?"

"आकडा आहे ना त्याच्यावर!"

या एवढ्याशा प्रश्नोत्तराने आमच्या दिवाळीचे पुढचे दोन दिवस व्यापले. त्याचीच ही हकीकत.

वयावर विकला जाणारा चहा

या चहाचे नाव पु-एर. चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांत आहे, तिथला हा माल. पाने वाळवायची, वाफेवर मऊ करायची आणि दाबून त्यांच्या वड्या पाडायच्या. एका वडीचे वजन बहुधा ३५७ ग्रॅम असते, आणि अशा सात वड्यांची चळत बांधून ठेवतात. खेचरांच्या पाठीवरून पार तिबेटपर्यंत चहा न्यायचा, तर असा बांधेसूद माल सोयीचा पडे. आपण चहा ताजा हवा म्हणतो. हा चहा लोणच्यासारखा मुरवत ठेवतात. वर्षे लोटली की त्याचा तुरटपणा ओसरतो, रंग गडद होतो आणि किंमत चढते. एकदा तर ती इतकी चढली, की २००७ साली चीनमधला या चहाचा बाजार एकाएकी कोसळला आणि साठे करून बसलेले बुडाले.

जिथे वयाला किंमत, तिथे वय वाढवून सांगण्याचा मोह आलाच. एरवी माणसे वय चोरतात, इथे ते फुगवतात! १९७३ साली कुन्मिंगच्या कारखान्यात पानांचे ओले ढीग झाकून ठेवण्याची एक रीत बसवली गेली. काही आठवड्यांतच त्या चहाला मुरलेल्या चहाचा गडद रंग येतो. तो 'शिजवलेला' म्हणून उघडपणे विकतात, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती कच्चा चहा दमट गोदामात ठेवून लवकर म्हातारा केला आणि अस्सल जुना म्हणून गळ्यात मारला, म्हणजे.

आता भाच्याच्या आकड्याकडे वळू. आकडा होता ७५४२. त्यातले पंचाहत्तर म्हणजे १९७५ साल, असे भाचा छातीठोकपणे सांगत होता. दुपारी त्याच्याच मोबाइलवर आम्ही दोघांनी शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. पहिले दोन अंक मिश्रणाची कृती कोणत्या साली ठरली ते सांगतात, तिसरा अंक पानाची प्रत सांगतो आणि चौथा कारखान्याचा क्रमांक. दोन म्हणजे मेंगहाईचा कारखाना. म्हणजे १९७५ साली ठरलेल्या कृतीने पुढे कितीही वर्षांनी वडी पाडली, तरी तिचा आकडा ७५४२ च!

मला हसू आले, कारण हा घोटाळा मी वर्गात दरवर्षी शिकवतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे रचनेचे साल येते. पुढे तीनशे-चारशे वर्षांनी कुणी पोथीची नक्कल केली, तरी त्याने ते साल इमानाने उतरवून घेतलेले असते. म्हणून काही ती पोथी शके १२१२ ची होत नाही. पोथीचे स्वतःचे वय पाहायचे तर लेखनिकाने शेवटी आपले नाव, गाव आणि तिथी लिहिली आहे का ते पाहावे लागते. भाच्याच्या वडीवर लेखनिकाची तिथी नव्हती. तिच्यावर होते ते ग्रंथाचे साल.

त्याचा चेहरा उतरला. पगाराचा चांगला मोठा हिस्सा त्याने त्या गोवरीत घातला होता. "प्रयोगशाळेत कळेल की!" तो म्हणाला. तेही खोटे नाही. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाले आणि मग वर्षागणिक उतरत गेले. प्रत्येक पान आपल्या वर्षाची हवा पोटात घेऊन वाढते, त्यामुळे त्या कार्बनवरून सालाचा अंदाज बांधता येतो. पण एका वडीसाठी एवढा खटाटोप आणि खर्च कोण करणार?

मामी वाती वळत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकं कशाला हवं? ज्यानं ठेवला त्याला विचारायचं. ठेवणारा ठाऊक नसेल, तर म्हातारपणाचे पैसे द्यायचे नाहीत. तांदूळ आपण तसाच घेतो ना?"

आपल्या घरचा मुरणारा माल

खरेच, इतका वेळ आम्ही चीनच्या गोष्टी करीत होतो, आणि वयावर विकला जाणारा आपला माल माजघरातल्या कणगीत बसून होता.

कोकणात शेतातल्या पिकाला भात म्हणतात, सडला की त्याचा तांदूळ होतो आणि शिजला की पुन्हा भात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवे भात घरात येते. नरकचतुर्दशीचे पोहे नव्या भाताचेच हवेत. मोदकांची पिठी नव्या तांदळाची असली तर उकड चिकट होते आणि पारी फाटत नाही. जेवणातला भात मात्र जुन्या तांदळाचा हवा. म्हणजे एकाच दिवाळीत त्याच धान्याला आपण नवेही हो म्हणतो आणि जुनेही हो म्हणतो!

जुन्यात असे होते तरी काय? साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांची वीण घट्ट होते आणि दाण्याची घडण पक्की होते. तो पाणी अधिक पितो, अधिक फुलतो, पण फुटून चिकट होत नाही. शीत मोकळे राहते. नवे धान्य पचायला जड आणि वर्षभर ठेवलेले हलके, हे आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. अर्थात जुने ते सगळेच सोने नव्हे. आंबेमोहराचा वास ज्या द्रव्याने येतो ते उडून जाणारे असते, त्यामुळे वासाच्या तांदळाला फार वर्षे ठेवण्यात तोटाच आहे.

हे सगळे मी शिकलो ते फसून. काही वर्षांपूर्वी पुतणीचे केळवण आमच्याकडे होते. घराजवळच्या एका दुकानात 'दोन वर्षे जुना' अशी पाटी पाहून मी ऐटीत पाच किलो तांदूळ आणला. मसालेभाताचे जे झाले ते पाहून पुतणी म्हणाली, "काका, खीर छान झाली आहे!" पत्नीने त्या दिवसापासून तांदूळ आणण्याचे काम माझ्याकडून काढून घेतले आहे.

उरलेला तांदूळ मी महाविद्यालयात नेला. रसायनशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांनी तो, आणि मामींकडून आलेला तांदूळ, अशा दोन नळ्या मांडल्या. दोन्हींत ग्वायकोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले. नव्या दाण्यात पेरॉक्सिडेज नावाचे एक विकर जागे असते, त्यामुळे लालसर तपकिरी रंग चढतो. जुन्यात ते निजत जाते, मग रंग फिका येतो किंवा येतच नाही. दुकानच्या तांदळाची नळी पाहता पाहता लालसर झाली, मामींची होती तशीच राहिली. मी जिंकल्याच्या आनंदात होतो, तोच सहकारी म्हणाले, "थांबा. नवा तांदूळ वाफवून वाळवला असता, तरी रंग आला नसता. उष्णतेने विकर मरते. आणि रंग आला नाही म्हणून दाणा दोन वर्षांचा की पाच, हे ही नळी सांगत नाही."

मामींच्या परीक्षा याहून साध्या. मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा. पांढरे पीठ हाताला फार लागले तर नवा. दाढेखाली धरायचा. कट्कन मोडला तर जुना, चिवट लागला तर नवा. रंग पाहायचा, जुन्या दाण्यावर किंचित पिवळी झाक असते. आणि सर्वांत शेवटी मूठभर शिजवून पाहायचा. पण या परीक्षाही नवा-जुना एवढेच सांगतात. साल सांगत नाहीत. भाच्याने नेमके तेच विचारले, "मग साल कसं कळतं, मामीआजी?"

"ये, दाखवते," असे म्हणून मामी उठल्या.

कणगीवरच्या रेघा

माजघराच्या कोपऱ्यात शेणामातीने लिंपलेल्या दोन कणग्या होत्या. एक मोठी, एक लहान. दोन्हींच्या अंगावर गेरूच्या आडव्या रेघा ओढलेल्या. दरवर्षी पाडव्याच्या दिवशी मामी एक रेघ ओढतात. मोठ्या कणगीवर दोन रेघा होत्या. लहानीवर भाच्याने मोजल्या त्या सहा.

"सहा वर्षांचं भात!" तो म्हणाला.

"पाच वर्षांचं. पहिली रेघ भात भरतानाची, ती मोजायची नसते. मूल जन्मलं त्या दिवशी आपण त्याला एक वर्षाचं म्हणतो का? आणि मोजायचं ते कापणीपासून. गिरणीवर भरडून आणलं त्या दिवसापासून नाही."

मला दुकानातली पाटी आठवली. तिथले 'दोन वर्षे' कुठून मोजलेले होते, हे विचारायचे मला सुचलेच नव्हते.

मोठ्या कणगीतले भात रस्त्याच्या बाजूच्या गोड्या जमिनीतले. ती जमीन मामींनी वाट्याने दिली आहे. लहान कणगीतला भात राता होता, तांबड्या दाण्याचा. खाडीच्या बाजूला खारेपाटात मामांची जमीन होती, तिथला. मातीत मिठाचा अंश असला तरी तग धरून पिकणारा तो वाण. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला मातीचे काठ घातलेले असतात, आणि आतले पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाड्या. काठ राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. मामा होते तोवर पावसाळ्याआधी दहा जणांना गोळा करून ते काठ दुरुस्त करून घेत. मामा गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उधाणाला काठ फुटला, खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले. त्यानंतर तिथे लावणी झालेली नाही.

"म्हणजे हे भात..." भाचा थबकला.

"त्यांनी लावलेलं शेवटचं," मामी म्हणाल्या. "त्यांनीच या कणगीत भरलं आणि पहिली रेघ ओढली. पुढच्या माझ्या."

सहा रेघांपैकी सर्वांत खालची रेघ जाड आणि जरा तिरपी होती, ते मी तेव्हा नीट पाहिले.

भाचा काही वेळाने म्हणाला, "मामीआजी, काठ बांधला गेला तर हेच पुन्हा पेरता येईल ना?"

मामींनी मान हलवली. "एवढं जुनं रुजत नाही रे. बी गेल्या वर्षीचं लागतं. मी दुसऱ्या वर्षी बियाण्याचं भात चुलतदिरांना दिलं. त्यांचा काठ शाबूत होता. त्यांच्याकडे राता अजून होतो. मी नुसतंच ठेवून बसले असते, तर आज माझ्याकडे फक्त जुनं उरलं असतं."

दमट हवेत भाताची उगवणशक्ती दोन-तीन वर्षांत ओसरते, हे मी नंतर वाचले. दाणा जो जो जेवायला चांगला होत जातो, तो तो पेरायला निकामी होत जातो. मामींनी हे पुस्तकात वाचलेले नव्हते. पण नवरा गेल्याच्या दुःखातही त्यांनी वेळेवर बियाणे बाजूला काढले होते, आणि कुणाला द्यायचे तेही ठरवले होते.

भाऊबीजेच्या दिवशी त्यांनी लहान कणगीतले भात काढून गिरणीवर पाठवले. मी म्हटले, "मामी, राहू द्या ना. मामांची आठवण आहे ती."

"आठवण आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "ते खायलाच ठेवून गेले आहेत. किडे खातील तोवर वाट बघू की काय?"

त्या दिवशी तांबूस, मोकळा भात आम्ही वालाच्या बिरड्याबरोबर जेवलो. चवीचे वर्णन मी करीत नाही. पानात मात्र कुणी शीत टाकले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी भाचा ओट्यावर बसून चहाची वडी पुन्हा कागदात गुंडाळत होता. पन्नास वर्षांचा नाद त्याने सोडला होता. त्याने खिशातून पेन काढले आणि वेष्टनावर आपल्या अक्षरात आपले नाव, कुठल्या गावी आणि कोणत्या तारखेला विकत घेतला ते लिहिले. मागचे खरे-खोटे त्याला ठाऊक नव्हते. पुढचे तरी कुणाला विचारावे लागू नये, एवढीच त्याची व्यवस्था.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन गेरूची वाटी आणली, बोट बुडवले आणि त्या कागदावर एक आडवी रेघ ओढली.

"ही मोजायची नाही हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या पाडव्याला घेऊन ये."