धुक्यात विमान कसं उतरतं, आणि कधी उतरत नाही?



७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान केरळमधल्या कोझिकोड विमानतळावर भर पावसात उतरलं. धावपट्टी संपली तरी ते थांबलं नाही आणि पुढच्या उतारावरून खाली कोसळलं. विमानात १९० जण होते. २१ जणांचा जीव गेला, त्यात दोन्ही वैमानिकही होते. कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपूरला राहणारे, त्यामुळे आपल्या विदर्भात ही बातमी घरातली असल्यासारखी ऐकली गेली.

त्याच आठवड्यात एक मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. कॅप्टननी मुद्दाम विमानाच्या तीन घिरट्या मारल्या, इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही आणि प्रवासी वाचले, असा तो मेसेज. परिपाठात बोधकथा म्हणून तो वाचलेला मी स्वतः ऐकला आहे. भावना खरी आहे, पण माहिती खरी नाही. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचा चौकशी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला आणि त्यातली हकीकत वेगळी आहे. मला वाटतं, लेकरांना तीच सांगायला हवी. पण ती समजायची असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, जो चौथी-पाचवीची मुलं हमखास विचारतात: "सर, धुक्यात पायलटला दिसतं कसं?"

उत्तर असं की, दिसत नाही. आणि दिसत नसताना अंदाजाने उतरायची त्याला परवानगीही नाही.

हिवाळ्यात सकाळी मालेगाव किंवा रिसोड रस्त्यावर धुकं दाटलं की एसटीचा ड्रायव्हर वेग कमी करतो, लाईट लावतो, फारच झालं तर गाडी बाजूला घेऊन थांबतो. विमानाला बाजूला घेता येत नाही. वेगही एका मर्यादेखाली आणता येत नाही, कारण मग पंखांना विमान उचलून धरता येत नाही. उतरताना मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी साधारण २५० ते २६० किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला ७० मीटरच्या आसपास. तेव्हा डोळ्यांच्या जागी दुसरं काहीतरी हवं.

ते म्हणजे आयएलएस नावाची रेडिओ यंत्रणा. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेना असतो, तो डावं-उजवं सांगतो. युक्ती फार सुंदर आहे. विमानाच्या वाटेच्या डाव्या बाजूला एका सुराचा संदेश जास्त जोरात असतो आणि उजव्या बाजूला दुसऱ्या सुराचा. दोन्ही सूर सारखे आले की विमान बरोबर मधोमध आहे. असाच दुसरा अँटेना धावपट्टीच्या कडेला असतो, तो वर-खाली सांगतो. वैमानिकाच्या पडद्यावर दोन खुणा दिसतात. त्या मध्यभागी ठेवल्या की विमान हवेतल्या एका न दिसणाऱ्या उतारावरून खाली येतं.

हा उतार साधारण ३ अंशांचा असतो. आपण वहीत कोनमापकाने ३ अंशांचा कोन काढायला सांगितला तर मुलं हसतात, दोन रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्याच दिसतात. मैदानावर करून बघा. १० मीटर सुतळी घ्या, एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं ५२ सेंटिमीटर उचला. हाच तो उतार. (सुतळीच घ्या, नायलॉनची दोरी ताणली की वाढते.)

आता खरी गोष्ट. हा उतार विमानाला खाली आणतो, पण शेवटपर्यंत नाही. साध्या आयएलएसवर जमिनीपासून साधारण २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर, एक उंची ठरलेली असते. तिथे पोचलं की कॉकपिटमध्ये 'मिनिमम्स' असा पुकारा होतो. त्या क्षणी वैमानिकाला धावपट्टी किंवा तिच्याकडे नेणारे दिवे दिसले पाहिजेत. दिसले तर 'लँडिंग'. नाही दिसले तर 'गो-अराउंड': इंजिनांना पूर्ण जोर, नाक वर, आणि विमान पुन्हा आकाशात. तिसरं उत्तर नाही. "थोडं अजून खाली जाऊन बघू" हे उत्तर नाही. २०० फुटांवरून चाकं टेकायला उरतात जेमतेम सोळा-सतरा सेकंद. तेवढ्या वेळात विचार करत बसता येत नाही, म्हणून विचार आधीच करून ठेवलेला असतो. कुठल्या उंचीवर निर्णय घ्यायचा, परत फिरलो तर कुठल्या दिशेने किती वर जायचं, तिथेही जमलं नाही तर कोणत्या दुसऱ्या विमानतळावर जायचं, हे सगळं उतरायला सुरुवात करायच्या आधी दोघे वैमानिक एकमेकांना बोलून दाखवतात. त्या दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल आणि वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन निघतानाच भरलेलं असतं.

दिल्लीच्या हिवाळ्यातलं धुकं याहून दाट. तिथे काही विमानं धावपट्टीवर फक्त ५० मीटर दिसत असतानाही उतरतात. पण त्यासाठी तीन परवानग्या लागतात: विमानतळाची यंत्रणा त्या दर्जाची हवी, विमान त्या दर्जाचं हवं, आणि वैमानिकांचं त्यासाठी खास प्रशिक्षण झालेलं हवं. एक जरी कमी पडली तर विमान जयपूरला किंवा लखनौला वळतं. आपल्याला वाटतं सगळ्यात दाट धुक्यात सगळ्यात निष्णात वैमानिक हाताने विमान उतरवत असेल. उलट आहे. तिथे ऑटोपायलटच विमान टेकवतो आणि माणसं त्याच्यावर पहारा ठेवतात.

हे नियम कुणाच्या डोक्यातून सहज आलेले नाहीत. आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणं आहेत. १२ जुलै १९४९ ला मुंबईत उतरायला आलेलं केएलएम कंपनीचं विमान पावसाळी हवेत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ जण होते, कुणी वाचलं नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचं विमान मुंबईकडे येताना जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं समजून विमान लवकर खाली आणलं गेलं होतं. आज प्रत्येक विमानतळाच्या नकाशात कुठल्या टप्प्यावर किती उंचीच्या खाली यायचं नाही हे छापलेलं असतं. तो एकेक आकडा म्हणजे सह्याद्रीचा एकेक डोंगर समजा.

आणखी एक नियम सांगतो, कारण कोझिकोडची गोष्ट त्यावरच येते. जमिनीपासून १००० फुटांवर विमान 'स्थिर' असलं पाहिजे. वेग ठरलेला, उतार ठरलेला, चाकं बाहेर, चेकलिस्ट पूर्ण. यातलं काही बिघडलेलं असेल आणि लगेच सावरत नसेल, तर धावपट्टी समोर लख्ख दिसत असली तरी परत वर जायचं. आणि हे दोघांनी बघायचं. एक वैमानिक विमान चालवतो, दुसरा काटे बघतो आणि चूक दिसली की मोठ्याने सांगतो. दुसऱ्याने 'गो-अराउंड' म्हटलं की चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही.

आता अहवालात काय आहे ते बघू. कॅप्टन साठे हवाई दलातले माजी अधिकारी, फार अनुभवी, कोझिकोडला आधी अनेकदा उतरलेले. पहिल्या प्रयत्नात ते नियमाप्रमाणे परत वर गेले. मेसेजमधल्या घिरट्या त्या याच, इंधन संपवण्यासाठी नव्हत्या. त्यांच्या बाजूचा काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. मग दुसऱ्या बाजूने प्रयत्न झाला, तेव्हा वारा मागून होता, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा. शेवटच्या टप्प्यात विमान स्थिर राहिलं नाही. धावपट्टी २७०० मीटरची. चाकं टेकली सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी आधी दबक्या आवाजात लक्ष वेधायचा प्रयत्न केला, मग 'गो-अराउंड' म्हटलं. विमान परत वर गेलं नाही. ठरलेली कार्यपद्धती न पाळणं हे अहवालाने संभाव्य कारण दिलं आहे. सहवैमानिकाने विमान स्वतःच्या ताब्यात घ्यायला हवं होतं, हेही त्यातच लिहिलं आहे. पण अहवाल एवढ्यावर थांबत नाही. त्या तळावर कॅप्टनची संख्या अपुरी होती, साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान न्यायचं होतं आणि कोझिकोडलाच पोचायची घाई मनात होती, हेही त्याने नोंदवलं.

दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० ला मंगळुरूला जवळपास हेच झालं होतं. तिथेही सहवैमानिकाने परत फिरायला सांगितलं होतं. १५८ माणसं गेली.

काही जण म्हणतील, गेलेल्या माणसाबद्दल लेकरांना असं कशाला सांगायचं? मी सांगतो, आणि आदराने सांगतो. साठे सरांची नोकरी, अनुभव, देशसेवा यातलं काहीही अहवालाने खोटं ठरत नाही. पण घिरट्यांची गोष्ट ऐकलेलं मूल 'शूर माणूस काहीही करून उतरतो' असं शिकतं. खरी गोष्ट ऐकलेलं मूल विचारतं, "मग त्या दुसऱ्या काकांनी जोरात का नाही सांगितलं?" या प्रश्नावर आमच्या वर्गात एक पूर्ण तास गेला. मोठा माणूस चुकत असेल तर सांगायचं कसं, सांगायची भीती का वाटते, घरी कुणाला सांगता येतं नि कुणाला नाही. पाठ्यपुस्तकातला एकही धडा त्या दिवशी झाला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. कधी विमानात बसलात आणि उतरता उतरता ते अचानक जोरात आवाज करून वर गेलं, तर घाबरू नका. पायलटला जमलं नाही असं शेजारच्याला सांगूही नका. त्याने नियम पाळला.

वर्गात घेण्यासारखा खेळ असा. दोन मुलं खुर्च्यांवर शेजारी बसवा. तिसरं मूल मोबाईलवर सोळा सेकंद मोजतं, पण त्याआधी ते 'मिनिमम्स' म्हणतं आणि एक कार्ड वर धरतं, कधी दिव्यांचं चित्र, कधी कोरं. दोन सेकंदांच्या आत उत्तर आलं पाहिजे. वर्गातलं सगळ्यात धीट मूल कॅप्टनच्या खुर्चीत ठेवा आणि सगळ्यात कमी बोलणारं दुसऱ्या. कॅप्टनला आधी कानात सांगून ठेवायचं की कार्ड कोरं आलं तरी तू 'लँडिंग'च म्हण. मग दुसऱ्या खुर्चीतलं लेकरू काय करतं ते बघा. पहिल्या फेरीत बहुतेक जण कॅप्टनकडे नुसतं बघतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत आवाज मागच्या बाकापर्यंत येतो. मग खुर्च्या बदला.