घसरण्याआधी गाडीला कळेल का?

कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी जोरात ब्रेक दाबल्यावर साधारण ३२ मीटरमध्ये थांबते. रस्ता ओला असेल तर हे अंतर दुप्पट होऊ शकतं. बर्फावर अडीचशे मीटरही कमी पडतात. ब्रेक तेच, चालक तोच. बदलते ती टायर आणि रस्त्यातली पकड. तिचं माप म्हणजे घर्षणांक: कोरड्या रस्त्यावर ०.८ च्या आसपास, बर्फावर जेमतेम ०.१.

पंचाईत अशी, की ही पकड किती आहे हे ती सुटते तेव्हाच नक्की कळतं. काडी सादळली आहे का, हे ओढल्याशिवाय कुठे कळतं? रोजच्या चालवण्यात टायर पकडीचा थोडाच भाग वापरतो. शिल्लक किती, याचा अंदाजच बांधावा लागतो.

स्वीडनमधले संशोधक फ्रेडरिक गुस्टाफसन यांनी १९९७ मध्ये त्याची एक पद्धत मांडली. इंजिनाचा जोर लागलेलं चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरतं. जोर वाढला की हा फरक किती वाढतो, यावरून रस्ता किती निसरडा आहे ते ताडता येतं. चाकांचा वेग मोजायला एबीएससाठी बसवलेले सेन्सर पुरतात.

मशीन लर्निंगमध्ये याच्या जोडीला कॅमेऱ्याची दृश्यं, चाकांची थरथर आणि टायरचा आवाजही घेता येतो. ‘कोरडा’, ‘ओला’, ‘बर्फाळ’ अशी नोंद केलेल्या असंख्य नमुन्यांवरून संगणक खुणा शिकतो. पण रस्त्यावरचा पातळ, पारदर्शक बर्फ कॅमेऱ्याला नुसता ओलावा वाटू शकतो आणि स्वतःच्या गाडीचे झिजलेले टायर त्याला दिसतच नाहीत. म्हणून चांगल्या प्रणालीने अंदाजासोबत त्याची खात्री किती, हेही सांगायला हवं. खात्री कमी असेल तर वेग कमी ठेवणं हेच शहाणपण.

एका गाडीचा अनुभव दुसरीच्याही कामी येतो. व्होल्वोने २०१६ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेत अशी सोय सुरू केली: एक गाडी घसरली, की त्या ठिकाणाची सूचना मागून येणाऱ्या जोडलेल्या गाड्यांना मिळते.

आपल्याकडे मात्र निसरड्याची कारणं वेगळी. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ एक होते, शेतातून निघालेला ट्रॅक्टर हमरस्त्यावर चिखल सांडून जातो. बर्फावर शिकलेल्या संगणकाला यातलं काहीच ठाऊक नाही. इथल्या रस्त्यांसाठी त्याला इथल्याच पावसाळ्यातल्या नोंदींवर शिकवावं लागेल.