‘गॅस झालाय’ म्हणजे नेमके काय झाले?

मंठ्याच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येक रुग्णांचे पहिले वाक्य ठरलेले असते, “डॉक्टरसाहेब, गॅस झालाय.” छातीत जळजळ, करपट ढेकर, पोट फुगणे, मळमळ, पाठीत चमक, डोके जड होणे, या सगळ्याला आपल्याकडे एकच नाव आहे. उपायही एकच. ओवा चावायचा, सोड्याची पुडी पाण्यात घालून प्यायची, नाहीतर मेडिकलवरून एक गोळी आणायची. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. पण ज्या वेळी भागत नाही, त्या वेळी फार उशीर झालेला असतो. म्हणून या आठवड्यात पोटाच्या नेहमीच्या तक्रारी नीट समजून घेऊ.

पचन कसे होते?

घास तोंडात चावला जातो तिथेच पचन सुरू होते. अन्ननलिकेतून तो जठरात उतरतो. जठरात तीव्र आम्ल असते. ते अन्नातले बरेचसे जंतू मारते आणि प्रथिने पचवायला मदत करते. हे आम्ल जठराला जाळत नाही, कारण जठराला आतून बुळबुळीत पदार्थाचे अस्तर असते. पुढे सुमारे वीस फूट लांबीचे लहान आतडे लागते. यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडाचे रस तिथे मिसळतात आणि अन्नाचे सत्त्व रक्तात शोषले जाते. उरलेल्या चोथ्यातले पाणी मोठे आतडे शोषून घेते. या वाटेवर कुठे बिघाड झाला, यावर आजार कोणता ते ठरते.

जळजळ आणि आंबट ढेकर

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते आणि छातीत जळजळ होते. तंबाखू, गुटखा, दारू, रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणे आणि वाढलेले पोट ही त्याची मुख्य कारणे. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, पण रुग्णाचे तोंड उघडून पाहिले की बंदी कुठवर पोचली ते मला कळते.

उपाय साधे आहेत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा लावा, म्हणजे आम्ल वर चढत नाही. नुसत्या उशा वाढवून उपयोग होत नाही, त्याने पोट उलट दुमडते. डाव्या कुशीवर झोपा. ठेच्याने त्रास होत असेल तर तो तेवढे दिवस बंद ठेवा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्ल कमी करणारी गोळी चांगली आहे, पण ती चार-आठ आठवड्यांसाठी असते. अनेक जण ती वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतात. त्याने शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि मूळ आजार झाकलेला राहतो.

अल्सर : तिखटाचा नव्हे, जंतूंचा आणि गोळ्यांचा

आम्ही घाटीत शिकत होतो तेव्हा अल्सर म्हणजे चिंता, तिखट आणि आम्ल असेच साऱ्यांच्या डोक्यात पक्के होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८० च्या दशकातच जठरातला एक वळणदार जंतू दाखवला होता. कोणी विश्वास ठेवीना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचा द्रव स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्या देशात तो असंख्य लोकांच्या पोटात लहानपणापासून असतो. सगळ्यांना अल्सर होत नाही, पण ज्यांना होतो त्यांची तपासणी करून दोन आठवड्यांची प्रतिजैविके दिली की बहुतेकांचा अल्सर पुन्हा उलटत नाही. पूर्वी याच आजारासाठी पोटाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागे.

दुसरे कारण आपल्या भागात अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. जठराचे अस्तर टिकवणारे एक द्रव्य शरीर तयार करते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन या गोळ्या दुखणे थांबवताना तेच द्रव्य कमी करतात. शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाया, ऊसतोडीला जाणारे मजूर, गुडघे धरलेली वडीलधारी माणसे या गोळ्या चहाबरोबर रोज घेतात.

अशाच एक आजी माझ्याकडे चक्कर येते म्हणून आल्या. पोट फारसे दुखत नव्हते. डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक होत्या. खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, “आठ दिवस झाले बाबा, परसाकडला डांबरासारखं काळं होतंय. मला वाटलं, वांग्याच्या भाजीनं असंल.” हिमोग्लोबिन अवघे पाच होते. गुडघ्याच्या गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त वाहत होते. जालन्याला पाठवून रक्त चढवावे लागले. आजी वाचल्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते हे खरे, पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि सोबत चक्कर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिन मात्र हे वाचून परस्पर बंद करू नका, विचारून घ्या.

जुलाब आणि उलट्या

जुलाबात माणूस जंतूंपेक्षा पाणी आणि क्षार गेल्याने दगावतो. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातात दिले आणि हजारो जीव वाचले. तीच आपली जलसंजीवनी. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. मीठ जास्त झाले तर घात होतो. लहान मुलाला घोट घोट पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा, जेवण बंद करू नका. सोबत जस्ताची गोळी चौदा दिवस द्यायची असते, ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले तर वाट पाहू नका.

‘पोट साफ होत नाही’

दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांतले काहीही प्रकृतीनुसार ठीक असते. रोज झालेच पाहिजे या काळजीने लोक जुलाबाची चूर्णे घेत राहतात आणि पुढे आतड्याला त्याचीच सवय लागते. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, भरपूर पाणी आणि चालणे हे खरे औषध. शौचाला रक्त पडले की मूळव्याधच असेल असे धरून रस्त्यावरच्या पाट्या वाचून उपचार घेऊ नका. चाळिशीनंतर रक्त पडणे, वजन घटणे किंवा शौचाची सवय बदलणे हे आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते.

कावीळ आणि बेंबी सरकणे

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे गळ्यात बांधलेल्या माळेला श्रेय मिळते. पण गरोदर बाईला झालेली कावीळ जिवावर बेतू शकते, तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पोट दुखू लागले की बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे हीही जुनी सवय. दुखणे बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकले, ताप आला, उलटी झाली, तर ते अपेंडिक्स असू शकते. अशा वेळी पोट चोळले किंवा जुलाबाचे औषध दिले तर ते फुटण्याची भीती असते.

गॅस नव्हे, हृदय

कापूस वेचणीच्या दिवसांत पन्नाशीचे एक शेतकरी सकाळी आठ वाजता माझ्याकडे आले. रात्री एक वाजता पोटाच्या वरच्या भागात दाटून आले होते. ओवा झाला, सोडा झाला, शेकून झाले. घामाने सदरा भिजला तरी घरात सगळे म्हणत होते, गॅसच आहे. ईसीजी काढला तर हृदयविकाराचा झटका. तातडीचे उपचार देऊन त्यांना जालन्याला पाठवले. जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. आज ते बांधावर बसून मुलांना काम सांगतात, स्वतः औत धरता येत नाही. रात्रीच आले असते तर कदाचित धरता आले असते.

पोटाच्या वर किंवा छातीत पंधरा-वीस मिनिटांहून जास्त दाटून आले, घाम सुटला, दम लागला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर तो गॅस समजू नका. मधुमेह्यांना आणि स्त्रियांना तर दुखणे कमी आणि नुसती अस्वस्थता जास्त असू शकते. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. तो काढायला काही मिनिटे लागतात, आणि तो साधा निघाला तर मनातली भीती जाते. माझ्यासारख्या डॉक्टरला रात्री दोन वाजता उठवून गॅसच निघाला, तरी मला राग येत नाही. सकाळी आठला आलेला झटका पाहिला की मात्र वाईट वाटते.