गाडी हुशार झाली, तरी नजर चालकाचीच

वर्धा - समृद्धी महामार्गावर येळाकेळीहून प्रवेश केला, की पुढे कित्येक किलोमीटर ना सिग्नल, ना चौक. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर नव्या गाडीचा मालक 'ही स्वतःच चालते' म्हणून निर्धास्त होतो, तेव्हा गाडीने न स्वीकारलेली जबाबदारी तो तिच्यावर टाकत असतो.

'एसएई' या अभियंत्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर ठरविले. केवळ धोक्याचा इशारा देणारी, किंवा ऐनवेळी आपणहून ब्रेक लावणारी गाडीही शून्य स्तरातच मोडते, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिल्या स्तरात वेग किंवा स्टेअरिंग यांपैकी एकच गोष्ट गाडी सांभाळते. दुसऱ्यात दोन्ही; मात्र रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम पूर्णतः चालकाचे. भारतात 'एडास' या नावाने विकल्या जाणाऱ्या, २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्या फार तर या दुसऱ्या स्तराच्या आहेत.

खरी सीमारेषा तिसऱ्या स्तरावर आहे. तेथे ठराविक परिस्थितीत लक्ष ठेवण्याचे कामही गाडीकडे जाते. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी प्रणाली आणली, तीही सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंतच. चौथ्या स्तरात ठराविक क्षेत्रापुरती चालकाची गरज उरत नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरात 'वेमो'च्या विनाचालक टॅक्सी २०२० पासून सर्वसामान्यांसाठी धावू लागल्या. कोठेही, केव्हाही स्वतः चालणारी पाचव्या स्तराची गाडी अद्याप बाजारात नाही. चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट केले होते.

म्हणजे प्रश्न उरतो तो दुसऱ्या स्तराचा, आणि समृद्धीवर तोच अधिक अवघड आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन सुस्तावते. या 'महामार्ग संमोहना'कडे नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनी २०२३ मध्येच लक्ष वेधले होते. हातपायांचे काम गाडीने उचलले, की ही सुस्ती वाढण्याचीच शक्यता. त्यात रस्त्याकडेला बंद पडलेला ट्रक किंवा आडवी आलेली नीलगाय ओळखण्यात कॅमेरा आणि रडार चुकू शकतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेत अशा मर्यादा नमूद असतात. ती पुस्तिका सहसा वाचली जात नाही, हा भाग वेगळा.

महामार्ग सोडून आर्वी किंवा हिंगणघाटकडे वळल्यावर चित्र आणखी बदलते. पट्टे पुसट झालेले, समोर कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली बैलगाडी. पट्टे दिसेनासे झाले, की स्टेअरिंगला मिळणारी मदत थांबते. काही गाड्यांत त्याची खूण एवढीच, की पडद्यावरचे छोटे हिरवे चिन्ह करडे होते.