बुश वाजला पाहिजे

"ऐका," असं म्हणून शेजाऱ्यांनी मुठीत मावणारी पोलादी डाय माझ्या कानाशी आणली आणि हलवली. आत काहीतरी बारीक खुळखुळलं. भोसरीच्या टूलरूममध्ये माझ्या हाताखालून गेलेली एखादी डाय अशी वाजली असती, तर तिच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढून मी ती परत पाठवली असती. इथे मात्र ते समाधानाने हसले. "वाजतेय ना? म्हणजे बरोबर बसलाय."

मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलो होतो. गाव पेनसिल्व्हेनियातलं, हॅरिसबर्गच्या बाजूचं. शेजारचे गृहस्थ माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच निवृत्त, आणि योगायोग असा की तेही जन्मभर डाय बनवत आलेले. माझी इंग्रजी त्यांना अर्धी कळायची, त्यांची मला पाऊण. पण मायक्रोमीटर कसा धरायचा याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. गॅरेजमध्ये मोटारीला जागा नव्हती. तिथे एक जाडजूड लाकडी टेबल होतं आणि त्याला बोल्टने आवळलेला एक हातप्रेस. रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणं हा त्यांचा छंद. मारा कागदी लक्ष्यावर, तीनशे यार्डांवर. शिकार कधीच सोडली.

मुलीने आधीच बजावलं होतं, "बाबा, बघा हवं तेवढं, पण हात लावू नका." तिचं बरोबर होतं. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथे काही अपवाद सोडले तर बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही, आणि त्यांच्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा दारूगोळाच. आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवताच येत नाही. घरी टेबलावर बसून पुंगळ्या भरायचा छंद आपल्या डोक्यातही येत नाही. तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. चाळीस वर्षं हातांनी काम केलेल्या माणसाला ही शिक्षाच. पण हात बांधले की डोळे जास्त चालतात.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. घोडा ओढला की प्राइमर, दारू, गोळी तिघंही संपतात, पुंगळी उरते. प्राइमर बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र खोबणीत असेल तर तो काढून नवा बसवता येतो. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर चालणारं .२२चं काडतूस मात्र पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं, त्यातली प्रत्येक पुंगळी एकदाच कामाची.

मध्यभागी प्राइमर असलेल्या पुंगळ्यांतही दोन घराणी आहेत. एकात प्राइमरखाली एकच भोक, बरोबर मधोमध. जुना प्राइमर सरळ सुईने ढकलून काढता येतो. दुसऱ्यात सहसा दोन भोकं, मधोमध एकही नाही, काढणं कटकटीचं. पहिली पद्धत इंग्रज बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली. घरी पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे हे मधलं एक भोकही आहे.

शेजाऱ्यांची रायफल .३०८ विंचेस्टरची, १९५२पासून चालत आलेलं काडतूस. पुंगळी सुमारे ५१ मिलिमीटर लांब. खाली जाड बूड, मग अंग, मग उतरता खांदा आणि वर गोळी धरणारी अरुंद मान. हे शब्द त्यांच्याकडेही असेच आहेत. पितळेच्या नळीला सगळ्यांनीच माणसासारखं पाहिलेलं दिसतं.

बार उडतो तेव्हा आतला दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जातो. पितळ फुगतं, रायफलच्या नळीत काडतूस बसतं त्या घराला चारी बाजूंनी चिकटतं, धूर मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की थोडं मागे येतं, पण पूर्ववत होत नाही. पुंगळी आता त्या एका रायफलच्या घराच्या मापाची झालेली असते आणि मान सैल. नवी गोळी ठेवली तर सरळ आत घसरेल. म्हणून मान पुन्हा आवळायची. पुंगळी डायच्या भोकात दाबून केलेली ही आवळणी म्हणजेच त्या दिवसाचं काम.

साध्या डायची तऱ्हा त्यांनी आधी मायक्रोमीटरवर दाखवली. वापरलेल्या पुंगळीची मान बाहेरून ०.३४३ इंच. त्यांच्या जुन्या डायने ती दाबली की ०.३३१ व्हायची. डाय बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या पितळेची जाडी ठाऊक नसते. पातळात पातळ पितळही आवळलं जावं म्हणून तो भोक मुद्दाम लहान ठेवतो. मग पुंगळी बाहेर येताना आतून एक गोळा ओढला जातो आणि जास्त आवळलेली मान पुन्हा फुगवतो, ०.३३६ पर्यंत. बारा थाऊ आत, पाच थाऊ बाहेर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५ मायक्रॉन; माणसाचा केस साधारण तीन थाऊ. आजची पोरं मायक्रॉन म्हणतात, आमची पिढी थाऊ. सात थाऊंचं काम करायला पितळ सतरा थाऊ हलवायचं. शिवाय तो गोळा ओढताना किरकिरतो आणि मान किंचित वाकडीही करून जातो.

बुशच्या डायमध्ये हे भोक डायच्या अंगात नसतं. डाय आतून पोकळ, आणि त्या पोकळीत बसतं अर्धा इंच व्यासाचं एक सुटं कडं, तोच बुश. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडची रेडिंग, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमीरची विल्सन अशा कंपन्या हे बुश एकेका थाऊच्या फरकाने बनवतात. काहींवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा. पितळ घसरतं, चिकटत नाही. शेजाऱ्यांकडे लाकडाच्या ठोकळ्यात सात बुश ओळीने ठेवलेले होते, ०.३३३पासून ०.३३९पर्यंत. बुश म्हणजे दारूगोळा नव्हे, त्यामुळे तो मला हातात घेता आला. कडेला आकडा कोरलेला, आतली बाजू आरशासारखी. नख फिरवलं तर कुठेच अडकलं नाही.

कोणता बुश घ्यायचा याचा हिशोब भाजीवालीच्या हिशोबाइतका सोपा. गोळी बसवलेल्या तयार काडतुसाची मान मोजायची. गोळी ०.३०८, पितळाची भिंत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा थाऊ, एकूण ०.३३८. त्यातून दोन थाऊ वजा. ०.३३६चा बुश. ते दोन थाऊ म्हणजे मानेची गोळीवरची पकड. कुणी एक ठेवतो, कुणी तीन. मॅगझिनमध्ये धक्के खाणाऱ्या काडतुसाला जास्त, टेबलावरून एकेक करून सावकाश भरणाऱ्याला कमी.

मग त्यांनी बुश डायमध्ये टाकला, वरची टोपी तळाला लागेपर्यंत फिरवली आणि तिथून परत किंचित, आट्याचा आठवा हिस्साही नसेल, उलटी फिरवली. इथेच ती खुळखुळ जन्माला आली. बुश आवळून बसवला तर डायचा मध्य आणि पुंगळीचा मध्य यांत जो काही फरक असेल तो मानेच्या माथी बसतो. बुश थोडा मोकळा असला की मान आत शिरताना त्याला आपल्याकडे ओढून घेते आणि तो तिच्याभोवती आपोआप मधोमध येतो. आमच्या धंद्यात 'प्ले', म्हणजे सैलपणा, हा शब्द शिवीसारखा. खडकीला १८६९पासून दारूगोळा कारखाना आहे; तिथे काम केलेले एक ज्येष्ठ आमच्या टूलरूममध्ये होते, ते म्हणायचे, सैल जॉब म्हणजे सैल माणूस. त्यांना ही डाय दाखवायला हवी होती.

पुंगळ्या आधीच मक्याच्या कणसाच्या भुग्यात घोळून चकचकीत झाल्या होत्या. आपल्याकडे पितळ चिंचेने उजळतात, इथे कणसाने. मानेच्या आत नायलॉनचा ब्रश एकदा फिरवला, बाहेरून बोटाने मेणाचा नखभर हात. पुंगळी धारकात सरकवली, दांडा खाली. आवाज नाही, किरकिर नाही. दांडा वर. मायक्रोमीटर: ०.३३६ आणि वर अर्धा थाऊ. "तो अर्धा पितळाचा हट्ट," असं काहीसं ते म्हणाले. पितळ दाबलं की सोडल्यावर थोडं मागे येतंच.

जवळून पाहिलं तर मानेवर एक बारीक पायरी दिसत होती. बुशच्या तोंडाला उतार असतो, त्यामुळे खांद्यालगतचा सुताहून कमी भाग आवळला जात नाही. तो घराच्या मापाचाच राहतो, आणि पुंगळी घरात मधोमध बसायला त्याची मदत होते असं जुने नेमबाज मानतात.

पण बुशला एक गोष्ट जमत नाही. तो बाहेरून दाबतो, म्हणून बाहेरची बाजू गोल होते. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ असेल तर तो दोष आत ढकलला जातो, नेमका गोळी बसते तिथे. जुन्या डायचा गोळा तोच दोष बाहेर ढकलत होता. दोष जात नाही, फक्त जागा बदलतो. तो घालवायचा तर मान बाहेरून हलकी छिलून भिंत सगळीकडे सारखी करावी लागते. शेजाऱ्यांनी पुंगळी रोलरवर ठेवून डायल लावला, बोटाने फिरवली. काटा दीड थाऊ हलला. या हलण्याला ते 'रनआउट' म्हणतात. आम्हीही म्हणायचो, फक्त आमच्याकडे त्यावर दर वेळी कुणीतरी क्रिकेटचा विनोद करायचा.

वीस पुंगळ्यांपैकी सतरा सुरळीत झाल्या. तीन निराळ्या निघाल्या. त्याच बुशमधून गेल्या, पण मान ०.३३७च्याही वर. डब्यावरची नोंद पाहिली तेव्हा कळलं, या तीन जुन्या, दहा-बारा वेळा भरलेल्या. पितळ कडक झालं होतं. दाबलं तरी आपल्या जागी परत येत होतं. एकीच्या मानेवर केसासारखी उभी चीरही होती.

मला पुण्याची तांबट आळी आठवली. कसबा पेठेत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणारी घरं. तिथे भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारतात, त्याला मठार म्हणतात. ठोक्यागणिक तांबं कडक होत जातं आणि तेच हवं असतं. मठारलेला हंडा सहजी पोचत नाही. पण घडवताना मध्येच कडक झालं तर तडा जातो, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून नरम करतात. पुंगळीच्या पितळात सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, गुण मात्र तोच. तांबटाला जो कडकपणा मिळवायचा असतो, तोच इथे शत्रू. म्हणून इथे कौशल्य ठोके मारण्यात नाही, ठोके वाचवण्यात आहे. सतरा थाऊऐवजी सात.

शेजाऱ्यांनी चिरलेली पुंगळी पक्कडीत चेपली, म्हणजे चुकूनही पुन्हा वापरात येऊ नये, आणि भंगाराच्या डब्यात टाकली. उरलेल्या दोन बाजूला ठेवल्या. त्यांची मान ज्योतीत तापवायची होती. फक्त मान. बूड नरम झालं तर तो साठ हजारांचा दाब नेमबाजाच्या तोंडावर येतो.

मी विचारलं, नुसती मानच आवळत राहिलं तर? त्यांनी मान हलवली. अंग प्रत्येक बाराने थोडं थोडं फुगत जातं आणि एक दिवस रायफलचा बोल्ट बंद व्हायला कुरकुरतो. पूर्वी तेही नुसती मान आवळायचे. आता ते, आणि अचूक मारणारे बरेच जण, पूर्ण अंग आवळणारी डायच घेतात. खांदा एक-दोन थाऊ मागे सारतात, पण मानेसाठी बुश ठेवतात. याच राज्यात विल्यम्सपोर्टला १९६७पासून हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, टेबलावरून नेम धरणाऱ्यांचा क्लब आहे. तिथे एकदा मारून आल्यावर आपलं मत बदललं, असं ते म्हणाले. मत बदलल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. त्या दोन पुंगळ्या तापवून झाल्या होत्या. खांद्यापासून वर निळसर तांबूस छटा उतरली होती. त्यांनी बुश टाकला, टोपी फिरवली, आणि काही न बोलता डाय माझ्या कानाशी धरून हलवली.

आवाज आला नाही.

"घट्ट झालाय," मी म्हणालो. "थोडा सैल करा."

त्यांनी टोपी किंचित उलटी फिरवली आणि पुन्हा हलवली. आता वाजला. अख्ख्या नोकरीत मी कुणाला डाय सैल करायला सांगितलं नव्हतं.